इंजिन फाउंडेशनच्या रबरास अनावृत पत्र

प्रिय फाउंडेशन,

गाडीच्या पुस्तकात तुझं नाव इंजिन माउंटिंग असेल, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुला कुणी तसं म्हणत नाही. ‘फाउंडेशन बसलंय’ एवढं मिस्त्री बोलले की मालकाला सगळं समजतं. पत्र तुला आहे, तरी ते जाहीरपणे लिहितोय. कारण एमएच ०९ पाटीच्या कितीतरी जुन्या डिझेल गाड्या आज तुझ्यापाशी येऊन थांबल्या आहेत. इंडिका आहे, सुमो आहे, बोलेरो आहे, २००७ नंतरची डिझेल स्विफ्ट आहे. इंजिन अजून दमदार, पत्रा बरा, आरटीओकडून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी झालेली, आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की आरशातली मागची माणसं थरथरताना दिसतात. मग मालक स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि तुझी निवड दोन मिनिटांत उरकतो. विचारतो एकच प्रश्न: ‘कडक आहे ना?’

हा प्रश्नच बदलायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आमची गाडी डिझेल इंडिका. १९९८ च्या डिसेंबरात ही गाडी बाजारात आली आणि २०१८ साली तिचं उत्पादन थांबलं. १४०५ सीसीचं, जुन्या पद्धतीचं, थेट सिलिंडरमध्ये डिझेल न मारणारं इंजिन. अशा इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबली जाते. त्या काळच्या पेट्रोल इंजिनात ती नऊ-दहा पट दाबली जायची. म्हणजे पेटताना बसणारा तडाखाही तितकाच जबर. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. आयडलला मिनिटाला ८०० फेरे धरले, तर १६०० तडाखे, म्हणजे सेकंदाला साधारण २७. गाडी सिग्नलला नुसती उभी असतानाही एवढे तडाखे तू अंगावर घेतोस.

याच जिल्ह्यात एके काळी इंजिन हलू नये यासाठी वेगळाच मार्ग होता. पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठावर उसाला पाणी उपसणारी ऑइल इंजिनं सिमेंटच्या चौथऱ्यात बोल्ट पुरून बसवलेली असायची. चौथरा इतका जड, की हादरे जमिनीत जिरायचे. त्या इंजिनांच्या दुरुस्तीवर आणि सुट्या भागांवर उद्यमनगर वाढलं. तिथल्या जुन्या कारागिरांत म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही आदरानं घेतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत आज मोठमोठ्या कंपन्यांसाठी बीड ओतलं जातं, कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. इंजिन म्हणजे काय हे कोल्हापूरला शिकवावं लागत नाही. पण जमिनीत पुरलेल्या इंजिनाची समजूत आपण गाडीतल्या इंजिनाला लावतो, आणि घोटाळा तिथेच होतो. गाडीला चौथरा नसतो. इंजिन घट्ट आवळलं की हादरे जिरायला जागा एकच उरते: पत्रा, डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि आत बसलेली माणसं.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात इंजिन सरळ चासीला बोल्टनं आवळत. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोलून बसवलं आणि त्या रचनेला ‘फ्लोटिंग पॉवर’ म्हणजे तरंगतं इंजिन असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएननं ते तंत्र घेतलं आणि गाडीच्या तोंडावर पाण्यात तरंगणाऱ्या हंसाचं चिन्ह लावलं. मला तो हंस फार आवडतो. कामगिरी तुझीच होती, पण तू बॉनेटखाली, कुणाला न दिसणारा, म्हणून जाहिरात हंसाची झाली.

आता कडकपणाचा हिशेब सांगतो. तो ढोबळ आहे, रबराच्या आतल्या घर्षणाची किंमत त्यात धरलेली नाही. पण मुद्दा कळायला पुरेसा आहे. रबरावर ठेवलेल्या इंजिनाला स्वतःची एक डोलण्याची गती असते. ती सेकंदाला १२ वेळा आहे असं धरू. वरून येणारे तडाखे २७. या दोन आकड्यांत जेवढं अंतर, तेवढा हादरा तू आत जाऊ देत नाहीस. १२ आणि २७ असले, तर हादऱ्याचा साधारण पाव हिस्साच गाडीत उतरतो. आता दुकानदारानं दुप्पट ताठ रबर दिलं. डोलण्याची गती १२ वरून १७ वर गेली. आकडा फारसा वाढला नाही असं वाटेल, पण गाडीत उतरणारा हिस्सा पाव होता तो जवळजवळ दोन तृतीयांश होतो. इंजिन तेच, गाडी तीच, पैसेही कदाचित तेवढेच, आणि स्टिअरिंग धरलेल्या हाताला अडीच पटीहून जास्त हादरा.

ताठपणा दुप्पट व्हायला फार काही लागत नाही. रबराचा कठीणपणा शोअर नावाच्या मापानं मोजतात. ५० शोअरचं रबर ६५ ला गेलं, की ताठपणा दुपटीच्या आसपास पोचतो. बोटानं दाबून हा फरक नीट कळत नाही, आणि ‘कडक आहे’ म्हणून खूश होऊन माणूस पैसे देतो. शिवाय रबर म्हातारं होतानाही कडक होत जातं. त्यामुळे कुठेही न फाटलेलं, दिसायला धडधाकट असं तुझं पंधरा वर्षांचं रूप गाडी हलवू शकतं. ‘तुटलेलं नाही, मग कशाला बदलायचं?’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

मग सगळ्यात मऊ रबर टाकून मोकळं व्हावं का? तेही जमत नाही, आणि तुझी खरी अडचण इथे आहे. गगनबावड्याचा करूळ घाट चढताना पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला, की इंजिन स्वतःभोवती वळू पाहतं. इंडिका किंवा स्विफ्टसारख्या, इंजिन आडवं असलेल्या आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल इंजिनालाच जोडलेलं असतं. त्यामुळे चाकांना मिळणाऱ्या जोराची उलट ओढ सगळी तुझ्यावर येते. पहिल्या गिअरमध्ये ती इंजिनाच्या टॉर्कच्या दहा-पंधरा पट भरते. सुमो-बोलेरोत इंजिन उभं आणि डिफरन्शिअल मागच्या अ‍ॅक्सलवर, तेव्हा तिथल्या तुझ्या भावंडांना हे ओझं कमी. तू फारच मऊ असलास तर इंजिन इतकं डोलेल, की सायलेन्सरच्या पाइपाचा जाळीचा भाग फाटेल, गिअरची केबल ओढली जाईल, रेडिएटरचे पाइप ताणले जातील. म्हणजे उभ्या गाडीत मऊ आणि घाटात ताठ, अशा दोन उलट मागण्या एकाच रबराकडून. गाडी घडवणाऱ्यानं त्या दोन्हींचा तोल साधून एक आकडा ठरवलेला असतो. तो आकडा आपल्याला हवा असतो.

तालमीतल्या हौद्याची माती रोज उकरून, तेल, ताक, हळद घालून भुसभुशीत ठेवतात. मातीनं अंग दिलं म्हणून पैलवान आपटल्यावर उठून पुन्हा शड्डू ठोकतो, आणि तीच माती पाय रोवायलाही आधार देते. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावात हे मी वेगळं समजावून सांगायला नको. रबराच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो.

तुझ्यावर दोष ठेवण्याआधी खातरजमा करायला हवी, हेही मला जाहीर सांगायचं आहे. गाडी आयडलला हलते म्हणून फाउंडेशन बदललं, आणि खरा दोष एका नोझलचा निघाला, असं गॅरेजोगॅरेजी होतं. एक सिलिंडर नीट पेटत नसेल, आयडलचे फेरे कमी झाले असतील, क्लचप्लेट किंवा फ्लायव्हील बिघडलं असेल, तरी हादरे तसेच येतात. तुझ्या आजाराच्या खुणा वेगळ्या असतात. गाडी बंद करताना शेवटी एक जोराचा धक्का बसतो. क्लच सोडताना किंवा अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताना ‘धप्’ असा आवाज येतो. रिव्हर्सला हादरा वाढतो. गिअरचा दांडा उगाच मागेपुढे होतो. पारख करायची असेल तर बॉनेट उघडावं, हँडब्रेक ओढून ब्रेकवर पाय ठेवावा, आणि पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडून पाहावा. बाजूला उभ्या माणसानं, गाडीच्या समोर नव्हे, इंजिन किती उचलतं ते बघावं. थोडं वळणारच, उडी मारल्यासारखं उचललं की समजायचं. बॅटरीचा टॉर्च घेऊन खालून पाहिलं तर रबर आणि लोखंड सुटलेली चीर दिसते. द्रव भरलेलं फाउंडेशन असेल तर काळसर चिकट ओघळ दिसतो.

तुझ्या अकाली म्हातारपणाचं एक कारण आपल्याच गावात रोज घडतं, आणि त्याचा मला राग येतो. वॉशिंगला गाडी दिली की कितीतरी ठिकाणी इंजिनावर डिझेलचा फवारा मारतात. इंजिन काळंभोर चमकतं, मालक खूश होतो. पण तुझ्या अंगात बहुतेक वेळा नैसर्गिक रबर असतं. थकवा सोसण्यात आणि तडाखे झेलण्यात त्याची बरोबरी करणं अवघड, मात्र डिझेल आणि इंजिन ऑइल त्याला अजिबात चालत नाही. तेल शोषून ते फुगतं, भुसभुशीत होतं आणि लोखंडापासून सुटू लागतं. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणातून झिरपणारं ऑइलही तेच करतं. जिथे वरून तेल गळतंय तिथे आधी पॅकिंग बदलायला हवं. नाहीतर नवं फाउंडेशनही त्याच वाटेनं जातं. धुवायचंच तर गार इंजिनाला साधा शाम्पू आणि हलकं पाणी पुरतं. हे एवढं एक वॉशिंगवाल्यांनी ऐकलं, तरी या पत्राचं सार्थक झालं.

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा पुष्कळ गाड्या बुडाल्या. पुराच्या पाण्यानं रबर लगेच मरत नाही, पण गाळ खाचेत बसतो आणि रबराखालच्या लोखंडाला गंज चढतो. त्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर तुझ्याकडे एकदा टॉर्च मारून बघावं, इतकंच.

आता दुकानाचा काउंटर. तिथे तू चार-पाच रूपांत भेटतोस. पहिलं कंपनीच्या खोक्यातलं. दुसरं, गाड्यांच्या कंपन्यांनाच माल पुरवणाऱ्या कारखान्यांनी स्वतःच्या नावानं विकलेलं. हे दोन्ही मी डोळे झाकून घेत नाही, पण पहिला विचार त्यांचाच करतो, कारण रबराचा तो ठरवलेला आकडा पाळला जाण्याची शक्यता तिथेच जास्त. तिसरं, लोकल. त्यात उत्तमही असतं आणि कचराही असतो, आणि दोन्ही खोकी सारखीच दिसतात. इथे फसगत कशी होते ते सांगतो. अनेक डिझेल गाड्यांत एका बाजूचं फाउंडेशन आतून पोकळ असतं. आत ग्लायकॉलचं मिश्रण भरलेले दोन कप्पे, मधे अरुंद वाट आणि पातळ पडदा. खड्ड्यात इंजिन मोठ्यानं उसळलं की द्रव त्या अरुंद वाटेतून ढकलला जातो आणि उसळी शमते. आयडलचा बारीक हादरा आला की नुसता पडदा हलतो आणि हादरा तिथेच संपतो. उभ्या गाडीत मऊ, मोठ्या उसळीला ताठ, ही कसरत त्या द्रवामुळे साधते. स्वस्तातल्या मालात बाहेरून तोच आकार, तीच भोकं, आणि आत नुसतं भरीव रबर. बसतं व्यवस्थित, गाडी मात्र पहिल्या दिवसापासून थरथरते. मूळ पार्ट द्रवाचा आहे की भरीव, हे गाडीच्या पार्ट नंबरावरून आधी कळून घ्यावं आणि दुकानदाराला तसं स्पष्ट विचारावं.

पॉलियुरेथेनचं, पिवळं नाहीतर लाल, कुणी पुढे करतं. शर्यतीच्या गाडीला ते शोभतं. त्याचा कठीणपणा बहुधा ७५ च्या पुढे, तेल त्याला फारसं बाधत नाही, टिकतंही. पण मघाचा हिशेब आठवला की घरच्या डिझेल गाडीत ते का नको हे सांगावं लागत नाही. भंगारातल्या गाडीचं काढलेलं तर मुळीच नको. तेही तेवढंच म्हातारं झालेलं असतं.

शेल्फवरच्या नव्या मालाचंही वय बघायला हवं. रबर खोक्यातही म्हातारं होतं. खोक्यावरची बनवल्याची तारीख वाचावी, रबर हळूच वाकवून बारीक भेगा पडतात का ते पाहावं, आणि रबर-लोखंडाच्या सांध्यावर नख फिरवावं. हा सांधा तुझा प्राण असतो. लोखंड स्वच्छ करून, चिकटद्रव्य लावून, साच्यात रबर तापवून तिथे एकजीव केलेलं असतं. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेनं रबर पक्कं करायची युक्ती सापडली. त्याच प्रक्रियेत तू जन्मतोस. चीक मुख्यतः केरळातून येतो, पण आपल्या तिलारी घाटाखाली दोडामार्गातही रबराचे मळे उभे आहेत. दुकानात तुला हातात घेतलं की मला ती झाडं आठवतात.

ज्या गाड्यांचा पार्ट आता मिळतच नाही, त्यांच्यासाठी कोल्हापूरकरांचं नशीब थोर. साचे करणारे आणि रबर मोल्डिंग करणारे आपल्या औद्योगिक वसाहतींत आहेत. जुन्या लोखंडी कवचात नवं रबर बसवून मिळू शकतं. मात्र ‘मजबूत भरा’ असं सांगून निघून येऊ नये. न वापरलेला जुना पार्ट कुठे मिळाला तर त्याचा शोअर मोजून घ्यावा आणि तो आकडा द्यावा. रबराचं काम करणाऱ्याकडे ते मीटर असतं. नाहीच मिळाला तर ५० ते ५५ पासून सुरुवात करून पाहणं शहाणपणाचं. मूळ रबरात ज्या पोकळ्या होत्या त्या तशाच ठेवायला सांगाव्यात. त्या पोकळ्या रबर वाचवण्यासाठी ठेवलेल्या नसतात; कोणत्या दिशेला किती अंग द्यायचं ते त्या ठरवतात.

गॅरेजमध्ये आमच्या मिस्त्रींनी मला तोच सल्ला दिला: ‘सर, कडक घाला की. परत बघाय नको.’ हेतू वाईट नव्हता. फाटलेलं रबर घेऊन गिऱ्हाईक परत आलं की बोलणी त्यांना खावी लागतात; हादऱ्यासाठी मात्र कुणी भांडत नाही, गाडी जुनी आहे म्हणून गप्प बसतं. मी त्यांना म्हटलं, ‘मिस्त्री, दोन वर्षं कमी टिकलं तरी चालेल, पण आई मागं बसती.’ ते हसले आणि कंपनीचा नंबर लिहून दिला. त्या दिवशी आम्ही एकच बदलायचं की सगळी, यावरही बोललो. एक फाटलं आणि गाडी सहा-सात वर्षांची असेल तर एकावर भागतं. पंधरा वर्षं उलटली असतील तर उरलेलीही कडक झालेली असतात, आणि एकटं नवं रबर सगळी डोलणी अंगावर घेऊन लवकर जातं. आम्ही पुरा सेट घेतला. टायमिंग बेल्टही बदलायचाच होता. आडव्या इंजिनात बऱ्याचदा बेल्टसाठी त्या बाजूचं फाउंडेशन उतरवावंच लागतं, तेव्हा मजुरी एकदाच पडली.

बसवण्यात घाई झाली तर चांगला पार्टही वाया जातो, म्हणून मी तिथे उभा राहिलो. चेंबरखाली जॅक लावताना मिस्त्रींनी मध्ये लाकडाची फळी घातली. एक-एक फाउंडेशन काढून नवं चढवलं, पण बोल्ट नुसते हातानं फिरवून ठेवले. सगळी बसल्यावर जॅक काढला, इंजिन स्वतःच्या वजनावर सोडलं, दोन्ही हातांनी थोडं हलवून त्याला आपली जागा घेऊ दिली, आणि मग टॉर्क पान्यानं आवळलं. जॅकवर असतानाच आवळलं असतं तर रबर पीळ पडलेल्या अवस्थेतच कायमचं राहिलं असतं. त्या पिळात महिनोन् महिने काढून ते फाटतं, आणि मग पार्टच खराब होता असं आपण म्हणतो.

आता पाचशे-सहाशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट एकदा तपासून घ्यायचे आहेत. तुझी जुनी लोखंडी कवचं मी भंगारात घातली नाहीत. इंडिका बंद होऊन वर्षं झाली, उद्या पार्ट मिळणं थांबलं तर त्यांतच रबर भरून घ्यावं लागेल. कवचं तेल पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत. नव्या रबराचा शोअर शिरोलीच्या एका मोल्डिंगवाल्याकडे बसवण्याआधीच मोजून घेतला होता. पार्ट नंबराशेजारी तो आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात लिहिला आहे. ज्या कुणाला इंडिकासाठी हवा असेल त्यानं खुशाल विचारावा.

तुझा,
एका जुन्या डिझेल गाडीचा मालक
कोल्हापूर